कॅबिनेट हॉलमध्ये, वायरी स्वयंपाकघरात

किस्से गोळा करायचा मला अजिबात नाद नाही. मी चौथीच्या वर्गाला शिकवते, मला तेवढी उसंतही नाही. पण आमच्या नगरमधल्या सावेडीच्या घरात किस्से आपले आपण येतात, दारात चपला काढतात, सोफ्यावर ऐसपैस बसतात आणि आतल्या दिशेने तोंड करून म्हणतात, "वहिनी, चहा!" वर्षानुवर्षं असं चाललं की साठणारच ना! त्यातले कॉम्प्युटरच्या डब्याचे तेवढे आज सांगते, कारण अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मंडळी कोण ते आधी सांगते. तिघं. एक आमचे हे, साळवे, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला. दिसेल ते उघडायचं आणि उघडणार नाही ते फोडायचं, ही ह्यांची पद्धत. दुसरे शेखभाई, त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला. माल मोजायचा आणि नापास करायचा, हे त्यांचं काम. हा माणूस मापल्याशिवाय जिलबीसुद्धा तोंडात घालायचा नाही. तिसरे देशमुख, पर्चेसला. साधी कोथिंबीर घ्यायची तरी तीन ठिकाणची कोटेशनं हवीत. तिघांची दोस्ती कारखान्याच्या बसमध्ये जमली आणि सुट्टीच्या दिवशी ती आमच्या हॉलमध्ये भरायला लागली. कारण काय, तर आमचा टीव्ही मोठा!

*

कॉम्प्युटरच्या आधी भाड्याचा व्हीसीआर होता. रविवारी जेवणं झाली की तो यायचा. सिनेमा सुरू व्हायचा तेव्हा मी भांडी आवरत असायची. जरा येऊन टेकले की कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, भजी होतील का हो?" आणि शेवट जवळ आला की चहाची वेळ! इतकी वर्षं संसार केला, पण घरात लागलेला एक सिनेमा मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिला नव्हता. एकही! कोण कुणाचा हरवलेला भाऊ ते मला कधीच कळलं नाही, कारण हरवतात सुरुवातीला आणि सापडतात शेवटी. मला आपला फक्त मधला मारामारीचा भाग ठाऊक.

एकदा शाळेत मधल्या सुट्टीत बाया एका सिनेमाबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, "अय्या, तो मरतो?"

"असं काय बाई, तुमच्याच घरी लागला होता ना रविवारी?"

लागला होता! माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर लागला होता, आणि मी आत कांदे चिरत होते. त्या दिवशी मला इतका राग आला की मी वर्गातल्या पोरांना विनाकारण एकोणतीसचा पाढा लिहायला लावला. आणि मनाशी ठरवलं, एक सिनेमा मी अख्खा बघणार. बसून! सुरुवातीच्या नावांपासून शेवटच्या नावांपर्यंत!

*

अठ्ठ्याण्णव साली देशमुख पुण्याहून बातमी घेऊन आले. कॉम्प्युटरवर सीडीवरचा सिनेमा लागतो म्हणे, आणि त्याची वायर टीव्हीला जोडली की मोठ्या पडद्यावर दिसतो. सीडी टाकली की आपोआप सुरू होतो, कॅसेट मागे-पुढे करायची भानगड नाही. झालं! तिघांनी मिळून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. शेजारीपाजारी सांगताना "मुलांच्या अभ्यासासाठी". ठेवायचा अर्थात आमच्याकडे.

चितळे रोडच्या दुकानदाराने कॅबिनेट दाखवलं. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा पत्र्याचा डबा, ज्याच्या पोटात सगळं बसवतात. हे उभं, मांडीला लागेल एवढं उंच धूड! आणि आमच्या ह्यांना तो हवा होता शोकेसमध्ये, टीव्हीच्या खालच्या खणात.

दुकानदार म्हणाला, "साहेब, खाली जमिनीवर ठेवा की."

"नको, फरशी पुसताना पाणी जाईल," हे म्हणाले. जसं काही फरशी हेच पुसतात!

मग शेखभाईंनी तो डबा दुकानातच आडवा केला. उंची बरोबर आली, पण सीडीचा ड्रॉवर झाला उभा. सीडी ठेवली की घरंगळून खाली. परत ठेवली, परत खाली. शेवटी शेखभाईंनी सीडीला बोटाने आधार दिला, हळूच ड्रॉवर ढकलला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बोट लावलं तर जातेय!"

मी न राहवून म्हटलं, "दर वेळी तुम्ही येणार का बोट लावायला?"

तर तिघांनी वळून माझ्याकडे बघितलं! तिघांनी! म्हणजे बोट कुणाचं ते त्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

*

मग ठरलं की आडवं, चपटं, छोटं कॅबिनेट शोधायचं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दोरी घेतली असती, खण मापला असता आणि दुकानात गेलो असतो. पण हे कारखान्यातले लोक! आमच्या हॉलमध्ये चक्क मीटिंग झाली. शोकेसच्या खणाचं ड्रॉइंग काढलं. समोरून, वरून, बाजूने. शेखभाईंनी खण डावीकडे मापला, उजवीकडे मापला, मग सकाळी मापला आणि दुपारी मापला, कारण लाकूड म्हणे उन्हाने फुगतं. देशमुखांनी ड्रॉइंगवर सही केली. कशासाठी, ते त्यांनाच माहीत.

त्या खणात माझी ढाल होती. शाळेच्या मुलींचं लेझीम पथक मी बसवलं होतं, तालुक्यात पहिलं आलं होतं, त्याची ढाल. मी शाळेतून आले तर ढाल फ्रिजवर, भाजीच्या टोपलीशेजारी!

मी विचारलं, "माझी ढाल कुणी काढली?"

हे म्हणाले, "अगं, तिथे अडथळा येत होता."

"कशाला?"

"मापाला."

तीन शाळांना हरवून आणलेली ढाल मापाला अडथळा! मी त्या दिवशी चहात साखरच घातली नाही. तिघांनी मुकाट्याने प्यायला. शेखभाई तर म्हणाले, "आज चहा स्ट्राँग झालाय वहिनी, मस्त!"

*

आता गेजचा किस्सा ऐका. कारखान्यात भोक बरोबर झालंय का बघायला एक ठोकळा असतो, तो आत गेला की माल पास. त्याला हे लोक गेज म्हणतात. ह्यांनी खणाच्या मापाचा प्लायवूडचा चौकोन केला, मधून पोकळ, खिडकीच्या चौकटीसारखा. कॅबिनेट ह्या चौकटीतून पलीकडे गेलं तर पास, अडकलं तर नापास! आणि ही चौकट घेऊन तिघं माळीवाडा स्टँडवरून पुण्याच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं म्हणे, "फोटो काढून ठेवलाय का घरी?"

पुण्याच्या दुकानात एकेक कॅबिनेट काढायचं, चौकटीतून घालायचं आणि नापास करायचं असा कारखाना सुरू झाला. दुकानदार बिचारा बघत होता. चौथं की पाचवं कॅबिनेट केसभर अडकलं. शेखभाईंनी मान हलवली, खिशातून लाल ऑइलपेंटचा मार्कर काढला आणि त्या कोऱ्या करकरीत कॅबिनेटवर भली मोठी फुली मारली!

दुकानदार गल्ल्यावरून धावत आला.

"हे काय केलं?" दुकानदार ओरडला.

"रिजेक्ट," शेखभाई म्हणाले. सवयीने! दिवसभर फुल्या मारून मारून हाताला वळणच पडलेलं! देशमुख समजूत घालायला गेले, "ओली आहे हो अजून, पुसून निघेल." पण तो मार्कर खास होता, पुसून निघू नये म्हणूनच कारखान्याने आणलेला.

दुकानदाराने ते कॅबिनेट त्यांच्या गळ्यात मारलं, त्याशिवाय बाहेर पडू दिलं नाही. असं आमचं पहिलं कॅबिनेट घरात आलं, नापास झालेलं! शेखभाईंच्या बायकोने, शकीलाने, ते मुकुंदनगरला आपल्या घरी नेलं आणि त्यात कांदे ठेवले. "सगळीकडून भोकं आहेत, हवा चांगली खेळते," म्हणाली. त्या वर्षी तिचा एक कांदा सडला नाही. ह्या सगळ्या खटाटोपात तेवढी एकच वस्तू धड कामाला आली.

*

मधेच आमच्या सासूबाई शेवगावकडून आल्या. रिकामा खण बघून त्यांनी विचारलं, "हितं काय ठिवनार हाय?"

हे म्हणाले, "कॉम्प्युटर, आई. त्यात सिनेमा लागतो."

"आन् वर ते हाय ते?"

"तो टीव्ही. सिनेमा दिसणार त्याच्यात."

"लागतो खाली आन् दिसतो वर," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "आन् ही कुठं बसती?"

माझ्या सासूशी माझं फार कधी जमलं असं नाही, पण त्या दिवशी मी त्यांना दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

*

शेवटी योग्य मापाचं कॅबिनेट मिळालं. पण ते आणायचं काम पर्चेसकडे, म्हणजे देशमुखांकडे. आणि ह्या माणसाला कुठल्याही मालातून काहीतरी कमी करून घेतल्याशिवाय जेवण जात नाही! दुकानदाराने सांगितलं, "कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय येतो." पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा आतला डबा. देशमुखांना वाटलं फ्रिजला लावतात तसला स्टॅबिलायझर! म्हणाले, "तो नको. साळव्यांकडे आहे घरी. तो काढा आणि तेवढे कमी करा!"

दुकानदाराने आनंदाने काढला.

बाकीचं सामान चितळे रोडच्या दुकानातून आलं. ह्यांनी रात्र-रात्र बसून पोटात सगळं बसवलं, वर झाकण लावलं. रविवारी उद्घाटन. देशमुखांनी नारळ आणला होता. तो त्यांनी अंगणात फोडला. शेखभाई बिस्मिल्ला म्हणाले. ह्यांनी समोर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून जयभीम केला आणि बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. काहीच नाही! तिघांनी तीन प्रकारे सुरुवात केली, पेटीने एकाचंही ऐकलं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीतली वायर लावायला पेटीला जागाच नाही. जिथे लावायची तिथे मोठं चौकोनी भगदाड!

"अरे, तुम्ही आत बसवताना बघितलं नाही?" देशमुख ह्यांच्यावरच उलटले.

हे म्हणाले, "मला वाटलं, ते हवेसाठी आहे!"

त्या मापाचा सुटा पॉवर सप्लाय नगरात मिळेना, पुण्यातही मिळेना. देशमुखांनी जो काढायला लावला होता तोच त्या दुकानात परत जाऊन आणावा लागला. माझा मात्र दिवसभराचा शिरा फुकट गेला. म्हणजे शिरा संपला, कॉम्प्युटर नाही चालला!

*

आता मुख्य रागाचा किस्सा.

पुढच्या रविवारी सगळं चालू झालं. टेबलावर ठेवून टीव्हीवर चित्र आणून बघितलं, उत्तम! आता शोकेसमध्ये बसवायचं. तिघांनी पेटी उचलली, खणासमोर धरली आणि सरकवली. काय सांगू! वर केसभर जागा, खाली केसभर, दोन्ही बाजूंना केसभर! लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. शेखभाईंचे डोळे भरून आले. देशमुखांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "आणि वायरी?"

पेटीच्या मागे वायरी असतात हो! वीज, चित्राची, आवाजाची, कळफलकाची, सगळ्या मागून निघतात. त्यांना चांगली वीतभर जागा लागते. पेटी बरोबर खणाएवढी खोल, कारण ड्रॉइंग खणाचं होतं. तीन बाजूंनी काढलेलं, सही केलेलं, उन्हात आणि सावलीत तपासलेलं ड्रॉइंग! आणि त्यात वायर नव्हती!

"वायर स्पेसिफिकेशनमध्ये नव्हती," देशमुख म्हणाले.

"मी पुढून मापलं," शेखभाई म्हणाले.

आमचे हे खणाच्या आतल्या भिंतीकडे बघत होते. त्यांची ती नजर मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अहो, पेटी थोडी पुढे राहू द्या की. चार बोटं बाहेर आली तर काय बिघडतं?"

"पुढे?" हे असे म्हणाले जसं काही मी घर विकायला सांगितलं. "मग एवढं चपटं शोधलं कशाला?"

मी स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली. शोकेसच्या मागची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, चार इंची. आधी ठक्‌ आवाज आला. मला वाटलं, खिळा ठोकताहेत. मग ठक्‌ ठक्‌ ठक्‌! आणि माझ्या डोळ्यांदेखत मसाल्याच्या डब्यांच्या वरची भिंत फुगली, पोपडा उडाला, आणि एक वीट सरळ माझ्या कणकेच्या परातीत! भिंतीतून छिन्नीचं टोक, छिन्नीमागे ह्यांचा हात, हातामागे ह्यांचा एक डोळा.

"सरक गं जरा," तो डोळा म्हणाला.

मला विचारायचं नाही, सांगायचं नाही! भिंत माझ्या स्वयंपाकघराची, कणीक माझी, सिमेंट माझ्या हळदीच्या डब्यात! मी जे बोलले ते इथे सांगत नाही, मुलांना शिकवते मी. शेजारच्या जोशीकाकू बाहेर आल्या एवढंच सांगते.

तिघांनी सगळं ऐकून घेतलं. भोक पुरं केलं, पेटी आत ढकलली, ती भोकात गच्च बसली. पेटीची पाठ स्वयंपाकघरात, वायरी स्वयंपाकघरात. चित्राची आणि आवाजाची वायर तिथून वरच्या एका छोट्या भोकातून पुन्हा हॉलमध्ये टीव्हीला. मग हे मला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, "बघ! एक तरी वायर दिसते का? हॉल किती स्वच्छ दिसतोय!"

*

मला वाटलं, चला, झालं एकदाचं. निदान आता सिनेमा तरी बघायला मिळेल.

कसला मिळतोय! आता नवीनच खूळ. चित्र थरथरलं की हॉलमधून आवाज, "वहिनी, पिवळी वायर जरा दाबा!" आवाज खरखरला की, "वहिनी, लाल वायर हलवा!" पूर्वी मी निदान मधला भाग बघायची. आता बाहेर येऊन टेकलं की कुणीतरी म्हणणार, "वहिनी आत असलेल्या बऱ्या. वायरीवर लक्ष राहतं." हे तर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्याकडे ऑपरेटर आहे!"

आणि ऑपरेटरला काय दिसतं? पेटीची पाठ! एक पंखा, धूळ आणि चार रंगांच्या वायरी. एका रविवारी हॉलमधून तिघांच्या नाकं ओढण्याचे आवाज आले. शेखभाई तर हुंदके देत होते. मी आत पिवळी वायर धरून उभी. कोण मेलं, कशाने मेलं, काही पत्ता नाही! त्या दिवशी मला रागाने रडू आलं. हो, रडले मी, त्यात काय लपवायचंय? हातात वायर धरून स्वयंपाकघरात एकटी रडले.

शकीला भाजी द्यायला आत आली होती. तिने मला बघितलं. मग त्या वायरीकडे बघितलं, ती जिथे घुसली होती त्या पेटीच्या भोकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "चित्र इथूनच जातं ना तिकडे?"

*

शकीलाच्या भावाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या रविवारी ती रिक्षाने आली. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मागच्या दाराने आत. बरोबर देशमुखवहिनी. ही बाई कधी फारसं बोलत नाही. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं, तर एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी मला मधलासुद्धा भाग मिळत नाही."

चादरीतून छोटा रंगीत टीव्ही निघाला. तो आम्ही गव्हाच्या डब्यावर ठेवला. शकीलाने भावाकडून सगळं विचारून घेतलं होतं. हॉलकडची पिवळी वायर काढली, आमची लावली. हॉलकडच्या आवाजाच्या वायरी काढल्या, आमच्या लावल्या. आवाज अगदी बारीक ठेवला. तिघी पाटांवर बसलो.

हॉलमध्ये सीडी टाकल्याचा आवाज आला. आणि आमच्या डब्यावर नावं सुरू झाली! मी एकेक नाव वाचलं. कपडेपटवाल्याचंसुद्धा वाचलं.

"अरे, चित्र कुठे गेलं?" हॉलमधून.

"शोभा, पिवळी वायर बघ गं, लागलीये का?" ह्यांनी मला विचारलं.

"लागलीये!" मी म्हटलं. खोटं मी बोलत नाही.

"घट्ट?"

"घट्ट!" शकीलाने तोंडात ओढणी कोंबली.

पलीकडे सुरू झालं. देशमुख म्हणाले, कॉम्प्युटरमधलं चित्राचं कार्डच गेलं, दुकानदाराच्या तोंडावर मारू. शेखभाई म्हणाले, कार्ड नाही, टीव्ही. हे म्हणाले, पेटी बाहेर काढून उघडतो. पण पेटी बसवली होती केसभर जागा ठेवून, वर सिमेंटचा चुरा अडकलेला. निघतेय कुठली! तिघांनी ओढली, शोकेस हलली, पेटी नाही हलली. मग ह्यांनी टीव्हीचं मागचं झाकण उघडलं. मी म्हटलं, उघडू दे! एवढा वाद चालला होता की आम्ही आवाज थोडा वाढवला तरी कुणाला कळलं नाही.

आणि काय सिनेमा होता! हरवलेली बहीण होती, मला ती हरवताना दिसली. स्टेशनवर हात सुटला तो मी बघितला. देशमुखवहिनींनी माझा हात धरला होता, तो त्यांनी सोडला नाही. कुणी भजी मागितली नाहीत, कुणी चहा मागितला नाही, कारण टीव्हीच्या पोटात हात घातलेला माणूस चहा मागत नाही! मोठी झालेली बहीण त्या भावाच्याच घरी कामाला लागते, तो तिला ओळखत नाही, आणि एके दिवशी ती त्याच्या कपाटात लहानपणीचा फोटो बघते, फोटो हातात घेते, दार उघडतं, भाऊ दारात उभा...

पडदा काळा.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. सिनेमा दोन सीडींचा होता. पहिली संपली होती. दुसरी हॉलमध्ये, टीपॉयवर, टीव्हीच्या स्क्रूंच्या शेजारी.

"आता हो?" देशमुखवहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे डबडबलेले.

मी उठले. पदराने तोंड पुसलं, दाराचा पडदा थोडा बाजूला केला आणि जमेल तितक्या काळजीच्या आवाजात म्हटलं, "अहो, मी काय म्हणते, ती सीडीच खराब असेल का? ती दुसरी टाकून बघा ना!"

हॉलमध्ये कुणीतरी पकड खाली ठेवली.

"वहिनींचा पॉइंट बरोबर आहे," शेखभाई म्हणाले. "दुसरी चेक करायला काय जातं?"

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला.

शकीला हळूच म्हणाली, "ताई, बसा. लागला!"